अर्ध्यावर अडकणारा क्लच लिव्हर : एका दुरुस्तीची हकिकत

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे मोटरसायकल; १५० सीसीची, एका सिलिंडरची, पाच गिअरची. क्लच इंजिनाच्या तेलात चालणारा, अनेक प्लेटांचा, आणि वायरने, म्हणजे कव्हरच्या आत सरकणाऱ्या तारेने, ओढला जाणारा. सात वर्षं वापरलेली, ५२,००० किलोमीटर झालेली. चालवणारा तिशीतला तरुण. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, आणि त्यातला निम्मा रस्ता थांबत-थांबत जाण्याचा. म्हणजे डाव्या हाताची बोटं दिवसातून शेकडो वेळा क्लच दाबणार. ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत; बाकी घडलं तसं लिहितो.

गाडी त्याने नीट ठेवलेली होती. तेल वेळेवर बदललेलं, चेन स्वच्छ, टायरांत हवा बरोबर. हे मुद्दाम सांगतो, कारण हे प्रकरण हेळसांडीचं नाही. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी काहीतरी उपाय केला होता आणि त्या उपायांखालीच मूळ दुखणं झाकलं गेलं होतं.

तक्रार

"काका, क्लच दाबला जातो, पण सोडल्यावर पुरता परत येत नाही. बोटांनी पुढे ढकलावा लागतो."

मी विचारलं, गार गाडीवर होतं की तापल्यावर? हँडल सरळ असताना की वळवलेलं असताना? तो म्हणाला, सकाळी निघताना शेवटचं बोटभर अंतर तेवढं राहतं, पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की लिव्हर अर्ध्यावरच थांबतो. वळताना जास्त जाणवतं, पण ते नक्की सांगता येणार नाही. ही दोन्ही उत्तरं मी वहीत टिपून घेतली. खरं तर निम्मं निदान तिथेच झालं होतं. ते मला दोन दिवस उशिरा दिसलं, त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी तक्रार त्याने जाता जाता सांगितली : गेल्या काही आठवड्यांपासून चढावर रेस दिली की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र तेवढी ओढत नाही. एकदा जळका वासही आला होता. त्याच्या मते हा वेगळा बिघाड होता आणि तो नंतर बघू म्हणत होता.

तो वेगळा नव्हता. क्लच लिव्हर स्वतःच्या बळावर परत येत नाही. आपण लिव्हर ओढतो तेव्हा तार ओढली जाते, इंजिनाकडचा आर्म (तारेच्या खालच्या टोकाला जोडलेला छोटा दांडा) फिरतो आणि आतली प्रेशर प्लेट, म्हणजे बाकीच्या प्लेटा एकमेकींवर दाबून धरणारी प्लेट, क्लचच्या स्प्रिंगांविरुद्ध उचलली जाते. लिव्हर सोडला की त्याच स्प्रिंगा सगळं मागे रेटतात. प्लेटा एकमेकींवर घट्ट बसल्या की त्या स्प्रिंगांचं वायरीपुरतं काम संपतं. उरलेला शेवटचा टप्पा, ज्याला आपण ढील किंवा फ्री प्ले म्हणतो, तो या गाडीत आर्मवरच्या एका लहानशा स्प्रिंगच्या भरवशावर असतो. म्हणून वाटेत कुठेही थोडं घासत असलं की आधी शेवटचं बोटभर अंतर अडतं. पण लिव्हर अर्ध्यावर थांबत असेल, तर घर्षण इतकं वाढलंय की क्लचच्या दणकट स्प्रिंगाही त्याला हरवू शकत नाहीत. अशा वेळी प्लेटा पुरत्या दाबल्या जात नाहीत, एकमेकींवर घसरतात, तापतात. चढावरची तक्रार आणि जळका वास इथूनच आले होते.

आधी काय काय करून झालं होतं

हे एका बैठकीत कळलं नाही. तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं. लिव्हर जड वाटू लागल्यावर त्याने पिव्होटवर (लिव्हर ज्या बोल्टभोवती फिरतो ती जागा) आणि वायरीच्या वरच्या टोकात गंज सोडवणारा स्प्रे मारला. तीन दिवस लिव्हर हलका चालला, मग पुन्हा पहिल्यासारखा. पुन्हा स्प्रे, पुन्हा तीन दिवस. असा स्प्रे पातळ असतो. तो जुनं ग्रीस विरघळवून वाहून नेतो, स्वतः फार टिकत नाही, आणि ओलसर राहिलेल्या जागी धूळ येऊन चिकटते.

मग एका ओळखीच्या माणसाने लिव्हर वर-खाली हलतो म्हणून पिव्होटचा बोल्ट चांगला आवळून दिला. त्यानंतर अडकून राहिलेला लिव्हर सैल लोंबतो म्हणून गाडीमालकाने स्वतः ॲडजस्टर (वायरीचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवून ढील काढून टाकली. या तिन्हींत सर्वांत महाग पडलेली गोष्ट ही तिसरी. ढील उरली नाही तर लिव्हर पूर्ण परत आला तरी तार ताणलेलीच राहते, म्हणजे कोणी सतत एक बोट क्लचवर ठेवून गाडी चालवावी तसं.

चौथी गोष्ट त्याला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती : चार महिन्यांपूर्वी विजेच्या वायरिंगच्या कामासाठी टाकी काढली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्याचा आवडता : वायरीत नीट तेल सोडायचं आणि बघायचं. सोपा, दहा मिनिटांचा. पण स्प्रेचा अनुभव पाहता एवढ्याने भागेल असं मला वाटत नव्हतं, आणि तात्पुरता आराम मिळाला तर शोध तिथेच थांबण्याची भीती होती.

दुसरा, सरळ वायर बदलायची. सात वर्षांच्या वायरीबद्दल यात काहीच वावगं नाही. पण दोष पिव्होटमध्ये किंवा आर्ममध्ये असला तर नवी वायर घालूनही लिव्हर अडकलाच असता.

तिसरा पर्याय दुसऱ्या एका मेकॅनिकने सुचवला होता : क्लच प्लेट संपल्यात, इंजिनाचं क्लच कव्हर उघडून सेट बदला. गाडी घसरत होती हे खरं, त्यामुळे हे निदान अगदी हवेतलं नव्हतं. मात्र घसरणाऱ्या प्लेटा लिव्हरला अडकवून ठेवत नाहीत. लिव्हर अडकल्यामुळे प्लेटा घसरू शकतात. क्रम उलटा धरला असता तर नव्या प्लेटाही त्याच ताणलेल्या वायरीखाली तापल्या असत्या.

चौथा मार्ग मी निवडला : लिव्हर, वायर आणि इंजिनाकडचा आर्म, तिन्ही एकमेकांपासून सोडवायचे आणि प्रत्येकाला एकट्याने हलवून बघायचं. हाताला जडपणा लिव्हरवर जाणवतो, पण दोष त्या साखळीत कुठेही असू शकतो. जोडलेल्या अवस्थेत तो शोधता येत नाही.

एक निर्णय मात्र आम्ही लगेच घेतला, तो म्हणजे काम होईपर्यंत गाडी चालवायची नाही. त्याला ते जड गेलं, पण अडकलेला क्लच नेमका वाहनांच्या गर्दीत फसवतो.

सोडवून तपासणी

दोन्ही टोकांचे चेकनट (ॲडजस्टर जागेवर घट्ट धरणारे नट) ढिले केले, ॲडजस्टर पूर्ण आत घेतले. वरच्या ॲडजस्टरची, चेकनटची आणि लिव्हरच्या धारकाची खाच एका रेषेत आणली की तार बाजूने बाहेर निघते आणि तिच्या टोकाची घुंडी, जिला मेकॅनिक निपल म्हणतात, लिव्हरमधून खाली ओघळते. या गाडीला धारकात क्लचचा स्विचही होता. लिव्हर काढताना त्याची बारीक दांडी वाकली तर क्लच दाबून गाडी सुरू होत नाही आणि मग माणूस भलतीकडेच बिघाड शोधत बसतो. म्हणून आधी तो सांभाळला.

वायर सुटल्यावर लिव्हर एकटा हलवला. तो जिथे सोडला तिथेच थांबला. वास्तविक वायर नसलेला लिव्हर बोटाने टिचकी दिल्यासारखा सैल फिरायला हवा. बोल्ट काढला तर त्यावर काळा, कणीदार लगदा : जुनं ग्रीस, स्प्रे आणि धूळ. शिवाय बोल्ट इतका आवळला होता की धारकाचे वरचे-खालचे कान लिव्हरला चिमटीत धरत होते. रॉकेलने बोल्ट, लिव्हरचं भोक आणि धारकाच्या आतल्या बाजू धुतल्या, कोरड्या पुसल्या. बोल्टवर झीज होती पण खाच पडलेली नव्हती. ग्रीसचा पातळ थर दिला, बोल्ट लिव्हर मोकळा फिरेल इतपतच बसवला आणि मग तो धरून ठेवून खालचा नट घट्ट केला. आता लिव्हर आपल्या वजनाने झुलत होता.

मग इंजिनाकडचा आर्म. हाताने हलवला : सुरुवातीचं थोडं अंतर मोकळं, पुढे क्लचच्या स्प्रिंगांचा ठाम विरोध, सोडल्यावर तडक परत. त्याची छोटी स्प्रिंगही जागेवर आणि जिवंत. या अर्ध्या मिनिटाच्या तपासणीने इंजिन उघडण्याचा पर्याय तेव्हापुरता बाद झाला. आत आर्मचा शाफ्ट, दांडी किंवा प्लेटा अडकत असत्या तर आर्म असा परतला नसता.

उरली वायर. ती काढून जमिनीवर सरळ पसरली, एक टोक धरून तार आत-बाहेर केली. सहज सरकली. तरीही हलकं तेल वरच्या टोकातून सोडलं, खालून बाहेर आलेलं पाहिलं आणि वायर परत बसवली. ढील मापून ठेवली. गाडी जागेवर उभी असताना लिव्हर सुरेख चालत होता. पिव्होट हाच दोषी, असं मी त्याला सांगितलं. माझी खात्री पटली होती.

पहिलं निदान चुकलं तो क्षण

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. गार असताना उत्तम, तापल्यावर पुन्हा अर्ध्यावर. आधीपेक्षा कमी, पण होतंय.

मी वही काढली. "तापल्यावर." "वळताना जास्त." पिव्होटचा बोल्ट हँडलवर असतो, तिथे इंजिनाची उष्णता पोचत नाही, आणि हँडल वळवलं तरी लिव्हर आणि धारक एकमेकांच्या संदर्भात जागचे हलत नाहीत. म्हणजे पिव्होट दोषी असता तर या दोन्ही खुणा दिसायलाच नकोत. पिव्होटमध्ये दोष सापडला होता हे खरं. पण सापडलेला दोष आणि सांगितलेली लक्षणं जुळतात का, हे मी पडताळलंच नव्हतं. काहीतरी सापडल्याच्या समाधानात मी थांबलो, ही या प्रकरणातली माझी मुख्य चूक.

या वेळी गाडी चालवून तापवूनच आणायला सांगितली. इंजिन बंद करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवलं आणि प्रत्येक ठिकाणी लिव्हरच्या टोकाची ढील बघितली. उजवीकडे आणि सरळ असताना ती होती. डावीकडे पूर्ण वळवलं की नाहीशी. वायर बरोबर गेलेली असेल तर ढिलीत असा फरक पडू नये. टाकी उचलली, आणि तेव्हा त्याला ते चार महिन्यांपूर्वीचं काम आठवलं.

वायर स्टिअरिंगच्या नळीच्या चुकीच्या बाजूने गेली होती, वायरिंगच्या जुडग्याखाली दबली होती आणि तिथून तिला एक आखूड, तीव्र वळण मिळालं होतं. त्या वळणाच्या खाली तिचं कव्हर सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या तापणाऱ्या वरच्या भागाच्या, पात्यांना टेकत होतं. टेकलेल्या जागी काळं प्लास्टिक चकाकत होतं, थोडं दबलेलं होतं. आतलं अस्तरही प्लास्टिकचंच असतं. ते तापून मऊ व्हायचं आणि वळणावर तार त्यात रुतायची.

वायर पुन्हा बाहेर काढली आणि या वेळी सरळ न पसरता गाडीत होती तशी वाकवून धरली. तार अडकली. सरळ केली, सुटली. पुन्हा वाकवली, पुन्हा अडकली. दोन दिवसांपूर्वी मी हीच वायर ठीक ठरवली होती.

वळणाचा हिशेब थोडा सविस्तर देतो, कारण त्याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. ताणलेली तार वळणाच्या आतल्या बाजूला दाबली जाते, आणि वायरीतल्या सगळ्या वळणांची बेरीज जसजशी वाढते तसं घर्षण सरळ प्रमाणात न वाढता गुणाकाराने वाढतं. घर्षणांक, म्हणजे घर्षण किती याचं माप, ०.१ धरला तर एकूण १८० अंशांच्या वळणाला एका टोकाचा ताण दुसऱ्या टोकाच्या सुमारे १.४ पट लागतो. २७० अंशांना १.६ पट. अस्तर बिघडून घर्षणांक ०.३ झाला तर तेच आकडे २.६ आणि ४.१ होतात. म्हणजे चुकीची वाट आणि बिघडलेलं अस्तर एकत्र आले की दोघांच्या बेरजेपेक्षा बरंच जास्त नुकसान होतं. दाबताना हात जोर लावून हे घर्षण जिंकतो. परत येताना जोर लावायला कोणी नसतं.

खालच्या टोकाचं रबरी बूट सरकवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. घुंडीपाशी तारेचे दोन पदर तुटून विस्कटले होते. वरचं टोक मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं, खालचं बूट सरकवून पाहिलं नव्हतं. त्यानंतर वायर वाचवायची की बदलायची हा प्रश्नच राहिला नाही.

नवी वायर

जुनी वायर चुकीच्या वाटेने गेली होती, म्हणून नवी तिच्या टोकाला बांधून ओढून घेण्याची नेहमीची युक्ती इथे उपयोगाची नव्हती. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून वाट ठरवली. आधी जुनी आणि नवी शेजारी ठेवून कव्हरची आणि बाहेर दिसणाऱ्या तारेची लांबी जुळवली. मग नवी नुसतीच ठेवून, टोकं न जोडता, हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं. कुठे ताणत नाही, कुठे चिमटत नाही, इंजिनाला टेकत नाही याची खात्री झाल्यावरच क्लिपांत बसवली.

अस्तर असलेल्या वायरीत जाड ग्रीस कोंबू नये. त्यात धूळ धरते आणि थंडीत ते घट्ट होतं. ग्रीसचं बोट फक्त दोन्ही टोकांच्या घुंड्यांना लावलं, कारण लिव्हर दाबताना घुंडी आपल्या घरात फिरायला हवी. ती फिरली नाही तर तार तिथे रोज थोडी वाकते आणि नेमके तिथलेच पदर तुटतात. जुन्या तारेचं खालचं टोक असंच गेलं असणार. तिथलं घर कोरडं ठक्क होतं.

वरचा ॲडजस्टर जवळजवळ आत ठेवून ढिलीचं मोठं माप इंजिनाकडच्या टोकाला घेतलं, बारीक माप वर. या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर. आम्ही १५ च्या आसपास ठेवलं. चेकनट आवळल्यावर पुन्हा मोजलं, कारण आवळताना माप हलतं. हँडल दोन्हीकडे वळवून तिसऱ्यांदा मोजलं. मग गाडी तासभर फिरवून, तापलेल्या अवस्थेत चौथ्यांदा.

परिणाम

लिव्हर त्या दिवसापासून अडकला नाही. दाबायलाही इतका हलका झाला की पहिल्या दिवशी त्याला क्लच सोडण्याची जागाच सापडेना. इतके महिने जड लिव्हरची हाताला सवय झाली होती. आठवड्याने नवी तार थोडी बसली, ढील वाढली, ती पुन्हा मापात आणली.

चढावरचं घसरणं जवळजवळ थांबलं. पूर्ण नाही. जळका वास येऊन गेला असल्याने इंजिन ऑइल बदललं, आणि ढील बरोबर असूनही वरच्या गिअरमध्ये एकदम रेस दिल्यावर आवाज पुढे पळतो का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं. चार महिन्यांनी ते स्पष्ट जाणवू लागलं. मग क्लच उघडला. घर्षणाच्या प्लेटा मॅन्युअलच्या मर्यादेखाली गेल्या होत्या. एवढी झीज ५२,००० किलोमीटरांनीही होऊ शकते. पण मधल्या पोलादी प्लेटांवर निळसर डाग होते आणि असे डाग प्लेटा घसरून तापल्यावरच पडतात. ताणलेल्या वायरीवर काढलेले ते आठवडे त्या प्लेटांवर उमटले होते. दोन्ही प्रकारच्या प्लेटा आणि स्प्रिंगा बदलल्या.

काय वेगळं करता आलं असतं

गाडीमालकाच्या बाजूने सांगायचं तर पहिल्या स्प्रेनंतर तीन दिवसांत लिव्हर पुन्हा अडकला, तीच थांबायची वेळ होती. आणि ढील काढून टाकण्याआधी ती तिथे कशासाठी ठेवलेली असते हे कोणी त्याला सांगायला हवं होतं. त्यात त्याचा दोष मी धरत नाही. सैल दिसणारी गोष्ट घट्ट करावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

माझ्या बाजूने बरंच काही. गाडीवर अलीकडे कुठलंही काम झालं का, क्लचशी संबंध नसलेलंही, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तापलेल्या अवस्थेतली तक्रार गार गाडीवर तपासली, तेही चुकलं. वायर सरळ करून पाहिली तिथे ती जागेवर, म्हणजे वरचं टोक लिव्हरमधून आणि खालचं आर्ममधून सोडवून पण मधली वाट न हलवता, ओढून पाहायला हवी होती. तसं केलं असतं तर पहिल्याच दिवशी ती अडकली असती, आणि टाकीही त्याच दिवशी उचलली गेली असती. शिवाय मी पिव्होट साफ केला आणि वायरीत तेलही सोडलं, मग एकत्रच चालवून पाहिलं. दोन बदल एका वेळी केल्यामुळे पहिल्या दोन दिवसांत आलेली सुधारणा नेमकी कशाची होती, हे आजही सांगता येत नाही.

प्लेटा मात्र त्याच वेळी उघडून पाहायला हव्या होत्या का, यावर आमचं एकमत नाही. तो म्हणतो, एकदाच सगळं झालं असतं. मी अजूनही म्हणतो की ढील मापात आणून आधी गाडी चालवून बघणंच योग्य होतं. प्लेटा टिकल्या असत्या तर कव्हर उघडावंच लागलं नसतं.

जुन्या वायरीचा चकाकणाऱ्या जागेचा वीतभर तुकडा मी कापून ठेवला आहे. क्लचची तक्रार घेऊन कोणी आलं की त्याच्या हातात देतो. सरळ धरला की तार आतून सहज सरकते. थोडा वाकवला की अडकते.